टॉप्स क्रोम अपडेट २०२४ : कार्डे देखणी, वाटपाचा हिशेब मात्र अर्धाच

टॉप्स कंपनीचा ‘क्रोम अपडेट’ हा बेसबॉल कार्डांचा संच नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला, तेव्हा त्याच्या कुठल्या तरी एका पाकिटात पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) पॉल स्कीन्स याचे असे एक कार्ड होते, की ज्याची दुसरी प्रत छापलेलीच नव्हती. ११ मे २०२४ रोजी शिकागो कब्जविरुद्ध स्कीन्स मेजर लीगमधला आपला पहिला सामना खेळला. त्या वेळी त्याच्या जर्सीवर असलेला पदार्पणाचा बिल्ला या कार्डात बसवला होता, सोबत त्याची सही होती आणि कार्डावर ‘१/१’ असा क्रमांक होता. हे कार्ड आणून देणाऱ्याला पायरेट्स क्लबने घरच्या मैदानावरील मोक्याच्या दोन जागांची ३० वर्षांची सीझन तिकिटे देऊ केली होती. प्रत्यक्षात ते कॅलिफोर्नियातील एका ११ वर्षांच्या मुलाला नाताळच्या भेटीत मिळालेल्या पाकिटांतून निघाले. त्याच्या घरच्यांनी क्लबचा प्रस्ताव स्वीकारला नाही. मार्च २०२५ मध्ये लिलावात ते कार्ड ११ लाख १० हजार डॉलरना गेले आणि क्रीडासाहित्य विकणाऱ्या डिक्स स्पोर्टिंग गुड्स या साखळीने ते घेतले.

तेव्हापासून कार्डे जमवण्याच्या या छंदातील वाटपावर कोणी शंका घेतली, की उत्तरादाखल हा मुलगा पुढे केला जातो. बड्या व्यापाऱ्यांना डावलून सर्वांत मोलाचे कार्ड एका शाळकरी पोराला मिळाले, म्हणजे सगळे सरळ चालले आहे, असा हा युक्तिवाद असतो. मला तो पटत नाही. एका कार्डाच्या प्रवासावरून बाकीच्या हजारो क्रमांकित कार्डांच्या प्रवासाचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय येथे दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. बंद पाकिटात काय निघेल, हा नशिबाचा भाग आहे आणि तो बऱ्याच अंशी प्रामाणिक आहे. ते बंद पाकीट मुळात कोणाच्या हाती पडते, यात मात्र नशिबाचा वाटा फारच थोडा आहे. या संचाचे परीक्षण करताना मी मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

आधी मालाविषयी थोडक्यात. टॉप्स क्रोम ही मालिका १९९६ पासून निघते. साध्या पुठ्ठ्याऐवजी चकाकणारा, धातूसारखा भासणारा पृष्ठभाग ही तिची ओळख आहे. ‘अपडेट’ या तिच्या उत्तरार्धात हंगामाच्या मध्यात पदार्पण करणारे खेळाडू, संघ बदललेले खेळाडू आणि ऑल-स्टार सामन्यात निवडले गेलेले खेळाडू येतात. स्कीन्स हा २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, सर्वांत आधी निवडला गेलेला आणि २०२४ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला खेळाडू असल्यामुळे त्या वर्षीच्या संचाला मागणी येणार, हे उघड होते. छपाई सुबक आहे, छायाचित्रांची निवड चांगली आहे आणि रंगीत कडांची कार्डे हातात घेतल्यावर समाधान वाटते. क्रोमच्या जुन्या खोडी मात्र गेलेल्या नाहीत. कार्डे दमट हवेत किंचित वाकतात, काहींवर छपाईच्या बारीक रेघा दिसतात आणि चित्र मध्यभागी नसल्यामुळे ग्रेडिंगमध्ये, म्हणजे कार्डाची स्थिती तपासून गुण देण्याच्या पद्धतीत, पूर्ण गुण हुकतात. नुसता छंद म्हणून जमवणाऱ्याला याने फरक पडू नये.

या कार्डांची उतरंड समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलणे कळणार नाही. एकाच चित्राची अनेक रूपे काढली जातात. साधे कार्ड अमर्याद असते. त्यानंतर इंद्रधनुषी झाक असलेले रिफ्रॅक्टर येते आणि पुढे क्रमांक छापलेली रंगीत कार्डे येतात. त्यांत सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि सुपरफ्रॅक्टर नावाचे एकच. कोणते रूप साधारण किती पाकिटांमागे एक निघेल, याचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असते. याशिवाय पाकीट विकत न घेताही टपालाने अर्ज करून या विशेष कार्डांसाठी नशीब आजमावण्याची सोय कंपनीला ठेवावी लागते. पैसे, योगायोग आणि बक्षीस ही तिन्ही एकत्र आली तर अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने ती लॉटरी होते, म्हणून त्यातील पैशाची अट सैल करणारी ही पळवाट काढलेली आहे. पाकिटामागच्या बारीक टाइपात ती छापलेली असते, परंतु तिचा उपयोग करणारे संग्राहक क्वचितच भेटतात.

न्यायालयानेही पाकिटाच्या पलीकडे पाहिलेले नाही. दुर्मीळ कार्डांचे आमिष दाखवणे हा जुगार आहे, अशी तक्रार करत १९९० च्या दशकात ग्राहकांनी अनेक कार्ड कंपन्यांवर खटले भरले. २००२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते मोडीत काढले. पाकीट घेणाऱ्याला ठरलेली कार्डे आणि दुर्मीळ कार्डाची संधी मिळाली, म्हणजे त्याने ज्यासाठी पैसे मोजले ते त्याला मिळाले, आणि निराशा ही मालमत्तेची हानी नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याच्या चौकटीत हे बरोबर असेल. मात्र सर्वांना सारखी संधी मिळते का, हे त्या निकालाने तपासलेले नाही.

वाटपातील खोडसाळपणा या धंद्याला नवीन नाही. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गौडी कंपनीने च्युइंगगमसोबत २४० कार्डांचा संच काढला आणि त्यातील १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेच नाही. मुले ते शोधत गम विकत घेत राहिली. तक्रारीची पत्रे येऊ लागली, तेव्हा पुढच्या वर्षी नॅप लाजवे या बेसबॉलपटूचे १०६ क्रमांकाचे कार्ड छापून पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवण्यात आले. आज तेच कार्ड त्या काळातील सर्वांत दुर्मीळ कार्डांत मोडते. म्हणजे ज्यांनी निमूटपणे गम विकत घेतला त्यांना काहीच मिळाले नाही आणि ज्यांनी भांडण केले त्यांना खजिना मिळाला. हा न्याय म्हणावा की नाही, मला सांगता येणार नाही. पण निदान तेथे ग्राहकाची तक्रार हीच कार्ड मिळवण्याची वाट होती. आज तक्रारदाराला तयार मजकुराचे उत्तर मिळते.

आता मुख्य मुद्दा. कारखान्यातून निघालेला क्रोमचा माल एकाच रस्त्याने जात नाही. ‘हॉबी’ आणि ‘जम्बो’ या महाग खोक्यांत सहीचे कार्ड निघेलच अशी हमी असते, आणि ती वितरकांमार्फत कार्डांच्या खास दुकानांत जातात. ‘रिटेल’ची स्वस्त खोकी वॉलमार्ट, टार्गेट अशा मोठ्या दुकानांत येतात. त्यांत सहीची हमी नसते आणि काही क्रमांकित रूपे त्यांत घातलेलीच नसतात. नारिंगी रिफ्रॅक्टर केवळ हॉबीच्या खोक्यांसाठी राखून ठेवण्याची क्रोममध्ये जुनी प्रथा आहे. त्यामुळे सुपरमार्केटच्या रांगेतून खाऊच्या पैशाचे पाकीट उचलणाऱ्या मुलासाठी त्या पंचवीस कार्डांचा दरवाजा कारखान्यातच बंद झालेला असतो. हे गुपित नाही, कंपनी ते जाहीर करते. तरीही दोन्ही पाकिटांवर तोच खेळाडू आणि तोच झगमगाट असतो आणि फरक फक्त बारीक अक्षरांत असतो, हे मला खटकते.

खास दुकानांना माल कसा मिळतो, हेही पाहण्यासारखे आहे. मागणी असलेल्या संचाची खोकी वितरक कोट्याने वाटतो, आणि हा कोटा दुकानदाराच्या मागील खरेदीवर ठरतो. न खपणारा माल ज्याने वर्षभर उचलला, त्याला खपणारा माल जास्त मिळतो. मी जेथून कार्डे घेतो, त्या लहान दुकानाच्या मालकाने हे मला कसलीही तक्रार न करता, हवामान सांगावे तसे सांगितले. त्याच्याकडे आलेल्या मोजक्या खोक्यांपैकी काही त्याने नेहमीच्या गिऱ्हाइकांना माणशी एक याप्रमाणे छापील शिफारशीच्या दरात दिली आणि उरलेली बाजारभावाने मांडली. त्याच्या जागी कोणीही असता तर हेच केले असते. दुसऱ्या एका दुकानाने मात्र आधी नोंदवलेली मागणी माल येताच रद्द केली आणि तेच खोके वाढीव दराने पुन्हा विकायला ठेवले, हेही मी अनुभवले आहे.

कोट्याचा मोठा घास जातो तो ‘ब्रेकर’ मंडळींकडे. ब्रेकर अखंड केस, म्हणजे अनेक खोक्यांची बंद पेटी, विकत घेतो, ती कॅमेऱ्यासमोर फोडतो आणि त्याआधी तीस संघांच्या तीस जागा गिऱ्हाइकांना विकतो. ज्याने पायरेट्सची जागा घेतली, त्याला त्या केसमधील पायरेट्सची सगळी कार्डे मिळतात आणि ज्याच्या संघाची चांगली कार्डे निघत नाहीत तो हात हलवत परत जातो. ज्या संघात नवा तारा असतो, त्याची जागा अर्थातच महाग असते. काही ब्रेकर संघ निवडू देत नाहीत, चिठ्ठीने नेमून देतात. म्हणजे पाकिटातील योगायोगावर आणखी एका योगायोगाचा थर चढतो आणि त्या वरच्या थराचे प्रमाण कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसते. ब्रेकमुळे थोड्या पैशात महागड्या संचात भाग घेता येतो, हे खरे आहे आणि त्यातली करमणूकही मी नाकारत नाही. पण सगळ्या जागांची बेरीज केली तर ती केसच्या किमतीहून बरीच जास्त भरते, आणि ही वरची रक्कम मोजण्याची तयारी असल्यामुळेच ब्रेकर दुकानदारापेक्षा चढा दर देऊन माल उचलू शकतो. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या तिन्ही संघांच्या जर्सीवरील लोगोचे तुकडे असलेले, पानिनी या दुसऱ्या कार्ड कंपनीच्या फ्लॉलेस २०२०-२१ संचातील एकमेव कार्ड २०२२ मध्ये अशाच एका थेट प्रक्षेपणात निघाले आणि पुढे २४ लाख डॉलरना विकले गेले. त्याच्या मागावर गायक ड्रेकनेही महागडी खोकी फोडली होती. अशा शर्यतीत एक खोके विकत घेणारा माणूस नावापुरताच उतरलेला असतो.

रिटेलचा मार्गही फार मोकळा राहिलेला नाही. कोरोनाच्या काळात कार्डांचे भाव चढले, तेव्हा दुकानात माल लावणाऱ्या विक्रेत्यांच्या वेळा हेरून फळ्या रिकाम्या करणाऱ्या टोळ्या तयार झाल्या. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधील ब्रुकफील्ड येथे टार्गेटच्या वाहनतळावर कार्डांवरून झालेल्या मारामारीत एका माणसाने पिस्तूल बाहेर काढले आणि त्यानंतर टार्गेटने दुकानांतील कार्डविक्री काही काळ थांबवली. माणशी खरेदीची मर्यादा ही त्या गोंधळातून आलेली शिकवण आहे. ती पाळली जाते तेथे फरक पडतो. पण ती पाळायची की नाही हे गल्ल्यावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यावर अवलंबून असते.

कंपनीकडून थेट खरेदी हा तिसरा मार्ग. पानिनीने आपल्या ‘फर्स्ट ऑफ द लाइन’ खोक्यांसाठी उतरत्या लिलावाची पद्धत आणली. यात किंमत फार उंचावर सुरू होते, ठरावीक वेळाने खाली येते आणि साठा संपला की विक्री थांबते. ज्याच्या खिशात जास्त पैसा त्याला आधी माल, एवढा तिचा अर्थ आहे. तो निष्ठुर असला तरी लपवलेला नाही. टॉप्सने जास्त मागणीच्या काही संचांसाठी ईक्यूएल या सेवेमार्फत ऑनलाइन सोडत सुरू केली. आधी नाव नोंदवायचे, यंत्राने चालणारी खाती गाळली जातात आणि उरलेल्यांतून निवड होते. धावत्या संकेतस्थळावर बटण दाबण्याच्या शर्यतीपेक्षा ही पद्धत नक्कीच चांगली आहे. पण म्हाडाच्या सोडतीत अर्जदारांची यादी आधी लागते, घरे किती आहेत ते सांगितले जाते आणि कोणाचा क्रमांक लागला हे सर्वांना पाहता येते. कार्डांच्या सोडतीत किती खोकी होती, किती जण उतरले होते आणि सोडतीबाहेर किती माल कोणाला गेला, यांपैकी काहीच बाहेर येत नाही. आपला क्रमांक लागला नाही, एवढा एक ईमेल येतो.

आणखी एक बाब मला सर्वांत गंभीर वाटते. टॉप्स ही आता फॅनॅटिक्स या उद्योगसमूहाची कंपनी आहे. या समूहाने २०२१ मध्ये बेसबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या तिन्ही खेळांच्या कार्डांचे भावी हक्क मिळवले आणि जानेवारी २०२२ मध्ये टॉप्स विकत घेतली. २०२३ मध्ये त्याने फॅनॅटिक्स लाइव्ह हा ब्रेकसाठीचा मंच सुरू केला आणि त्याच वर्षी पीडब्ल्यूसीसी ही लिलाव करणारी कंपनी ताब्यात घेतली. तिचे नाव पुढे फॅनॅटिक्स कलेक्ट झाले आणि स्कीन्सच्या कार्डाचा लिलाव तेथेच झाला. कार्ड छापणारा, ते कॅमेऱ्यासमोर फोडण्याची जागा देणारा आणि निघालेले कार्ड विकून त्यावर दलाली मिळवणारा मालक एकच आहे. मक्तेदारीचा आरोप करत पानिनीने ऑगस्ट २०२३ मध्ये फॅनॅटिक्सवर खटला भरला आणि फॅनॅटिक्सनेही उलट खटला भरला. न्यायालय काय म्हणायचे ते म्हणेल. ग्राहकाच्या दृष्टीने मुद्दा साधा आहे. ज्याला कार्ड पुन्हापुन्हा विकले जाण्यात लाभ आहे, त्यालाच ते पहिल्यांदा कोणाकडे जाईल हे ठरवण्याचा अधिकार आहे. याचा अर्थ तो गैरवापर करतो असा नाही. पण गैरवापर होत नसल्याची खात्री बाहेरच्याला करून घेता येत नाही.

तशी खात्री देणे अशक्य मात्र नाही. १/१ क्रमांकाची कार्डे छापून झाली, पाकिटांत भरली आणि माल रवाना झाला, एवढे एखाद्या स्वतंत्र लेखापरीक्षकाने प्रमाणित केले तरी ‘मागच्या दाराने’ गेलेल्या कार्डांच्या कुजबुजीला आळा बसेल. सध्या अनेक एकमेव कार्डे कधीच समोर येत नाहीत. ती कोणाच्या तरी न फोडलेल्या खोक्यात आहेत, की कपाटात आहेत, की पाकिटात पडलीच नाहीत, हे सांगणारी कोणतीही सार्वजनिक नोंद नाही. रिडेम्प्शनची गोष्ट याहून वाईट आहे. खेळाडूची सही वेळेत आली नाही, तर पाकिटात सहीच्या कार्डाऐवजी एक संकेतांक असलेला कागद निघतो. तो ऑनलाइन नोंदवून महिनोन्महिने वाट पाहावी लागते आणि त्या संकेतांकाला मुदतही असते. पैसे पूर्ण घेतलेले असताना उशिराचा भार फक्त ग्राहकावर टाकणारी ही रीत कोणत्याही निकषावर न्याय्य ठरत नाही.

याच कंपनीची एक योजना मला याहून कितीतरी सरळ वाटते. ‘टॉप्स नाऊ’ २०१६ पासून सुरू आहे. एखाद्या सामन्यात काही विशेष घडले, की दुसऱ्याच दिवशी त्याचे कार्ड ठरावीक मुदतीसाठी विक्रीला येते. त्या मुदतीत जेवढी मागणी नोंदवली जाईल तेवढीच साधी कार्डे छापली जातात आणि एकूण संख्या नंतर जाहीर होते. येथे दुर्मिळता ग्राहकांनीच ठरवलेली असते, दर सर्वांना सारखा असतो आणि रांग लावावी लागत नाही. क्रमांकित रंगीत रूपे मात्र येथेही काही खरेदीदारांना योगायोगानेच मिळतात. तेवढा भाग सोडला, तर हीच कार्डे मी कोणालाही निःशंकपणे घ्यायला सांगेन.

भारतातल्या वाचकांना ‘मर्यादित आवृत्ती’ हे प्रकरण आयपीएलच्या क्रिकेट अटॅक्स या कार्डांमुळे ठाऊक असेल. टॉप्सच्या अटॅक्स कुळातील मर्यादित कार्डांवर क्रमांक नसतो आणि त्यांपैकी बरीचशी विशिष्ट डबा किंवा जोडपाकीट घेतले की हमखास मिळतात. त्यांची एकूण संख्या कळत नाही, पण मुलाला काय घेतले की काय मिळेल हे आधी कळते. मुलांसाठी मला ही व्यवस्था अधिक बरी वाटते.

क्रोम अपडेटला कार्डे म्हणून मी पाचपैकी चार गुण देईन आणि वाटपाला दोन. हॉबीचे खोके शिफारशीच्या दरात मिळाले तर एखादे फोडायला हरकत नाही. दुप्पट दराने ते घेऊ नये. स्कीन्सचे साधे नवोदित कार्डच हवे असेल तर ते सुटे विकत घ्यावे. पीएसएसारख्या संस्थेचे ग्रेडिंग झालेले असेल, तर कार्ड ज्या डबीत बंद करून येते तिच्यावरील प्रमाणपत्र क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा आणि परदेशातून मागवताना सीमाशुल्क धरून हिशेब करावा. ब्रेकमध्ये जागा घेताना सगळ्या जागांच्या किमतींची बेरीज करून ती केसच्या दराशी ताडून पाहावी. रिडेम्प्शनचा कागद निघाला, तर तो त्याच दिवशी नोंदवून टाकावा.